रोजच्या जगण्यातले धडे : कोणाचा धडा कोणी घ्यावा?



आजचा विषय आपल्या सगळ्यांच्या तोंडी रोज असतो. घरात आजारपण आलं, पीक गेलं, नोकरी गेली, की आपण म्हणतो, "यातून देव काहीतरी शिकवतोय." हे म्हणणं बरोबर आहे का? आणि असेल, तर ते कोणी म्हणायचं आणि कोणाबद्दल म्हणायचं? एवढाच प्रश्न आज आपण घेऊ या.

सुरुवात प्रभूच्या दाखल्यांपासून करू. हे दाखले कुठून आले? पिठात मिसळलेलं खमीर. हरवलेलं नाणं शोधायला दिवा लावून घर झाडणारी बाई. वाटेवर, खडकाळीवर, काट्यांत आणि चांगल्या जमिनीत पडलेलं बी. ऐकणाऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातल्याच या गोष्टी होत्या. म्हणजे देवाची गोष्ट कळायला मोठी विद्वत्ता लागते असं नाही, ती चुलीपाशी कळू शकते आणि बांधावरही कळू शकते.

आता आपण मुळशीत, माले इथे बसलो आहोत, तेव्हा इथलाच दाखला घेऊ. भाताचं काम तुम्हाला आम्ही काय सांगावं! राब भाजायचा, पाऊस लागला की त्यात दाट बी पेरायचं. तीन-चार आठवड्यांत रोप हिरवंगार दिसतं, आणि नेमकं तेव्हाच ते उपटायचं. जुड्या बांधायच्या, चिखलणी केलेल्या खाचरात आवणी करायची. एक-दोन दिवस रोप मान टाकतं. बघणाऱ्याला वाटेल, चांगलं वाढलेलं उपटलं कशाला? पण शेतकऱ्याला माहीत असतं, तिथेच दाटीवाटीत राहिलं तर त्याला फुटवे येणार नाहीत. मोकळी जागा मिळाली तरच एका रोपाचे अनेक होतात.

किती सुंदर दाखला आहे बघा. ज्याला गाव सोडून शहरात जावं लागलं, ज्या मुलीला लग्नानंतर परक्या घरी रुजावं लागलं, तिला यातून मोठा धीर मिळू शकतो. "मला उपटलं, पण फेकलं नाही, लावलं," असं ती स्वतः म्हणाली, तर ती खरी साक्ष आहे.

पण थांबा. हाच दाखला आपण दुसऱ्याला सांगायला गेलो की काय होतं?

याच मुळशीत मुळा नदीवर टाटांचं धरण झालं. इथलं पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज करायला जातं, आणि ती वीज मुंबईसाठी होती. त्यासाठी मावळ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या भातजमिनी पाण्याखाली जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, इथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे तुरुंगात गेले, शेतकरी गेले, बायकाही मागे राहिल्या नाहीत. तरीही धरण झालं. आज ऐकणाऱ्यांत कोणाच्या पणजोबांची जमीन त्या पाण्याखाली असेल.

आता अशा माणसाला जाऊन आपण सांगायचं का, की बाबा, तू म्हणजे आवणीचं रोप आहेस, देवानं तुला उपटून दुसरीकडे लावलं? मुळीच नाही. कारण रोप उपटण्याआधी शेतकरी खाचर तयार ठेवतो. इथे माणसं उपटली गेली, पण त्यांचं खाचर कोणी तयार ठेवलं होतं? माणसानं माणसावर केलेला अन्याय देवाच्या नावावर खपवणं हा धडा नव्हे. ती देवाची बदनामी आहे.

पवित्र शास्त्र याबद्दल फार स्पष्ट आहे. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहच्या बुरुजाची गोष्ट आहे. बुरूज कोसळला, अठरा माणसं मेली. लोकांच्या मनात होतं की ती जास्त पापी असणार. प्रभूनं ते साफ नाकारलं. मेलेल्यांबद्दल त्यानं काही शिकवण काढली नाही. उलट ऐकणाऱ्यांनाच म्हणाला की तुम्ही आपापलं मन बदला. नीट लक्षात घ्या, घटना दुसऱ्याची होती, पण धडा घ्यायचा तो स्वतःबद्दल.

ईयोबाचे मित्र आठवा. ते आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. तोवर ते चांगले मित्र होते. बिघडलं कधी? तोंड उघडून कारणं सांगायला लागले तेव्हा. आणि पुस्तकाच्या शेवटी देव रागावला तो या कारणं सांगणाऱ्यांवरच.

याच्या उलट पौल बघा. त्याच्या शरीरात एक काटा होता. तो काढावा म्हणून त्यानं तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, पण कृपा पुरेशी आहे हे त्याला कळलं. हे त्याला शेजाऱ्यानं येऊन सांगितलं नाही. तो प्रार्थनेत झगडला आणि त्याला स्वतःला ते उत्तर मिळालं. म्हणून त्याच्या शब्दांना वजन आहे.

आपल्या मराठी मंडळीत याची दोन मोठी उदाहरणं आहेत. पहिलं लक्ष्मीबाई टिळकांचं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कडक सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या. नवऱ्यापासून ताटातूट झाली, फार रडल्या, भांडल्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो सुमारे पाच वर्षांनी. 'स्मृतिचित्रे' वाचताना दिसतं, की कोणी वाद घालून त्यांना जिंकलं नाही. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, कोणाच्या पंगतीला बसायचं, अशा रोजच्या घरगुती गोष्टींतून त्या स्वतः विचार करत गेल्या, की देवानं माणसांत हा भेद खरंच केला का? धडा घागरीपाशीच होता. पण तो त्यांच्या वेगानं, त्यांना स्वतःला सापडावा लागला.

दुसरं उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यातलं, केडगावच्या पंडिता रमाबाईंचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. पुढे भाऊ गेला. १८८२ साली पती पटकीनं गेले, कडेवर लहान मनोरमा. या सगळ्याचा अर्थ काय, असं कोणी त्यांना विचारलं असतं तर काय उत्तर द्यायचं? पण १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या पुण्याहून तिकडे गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. भूक काय असते हे त्यांच्या अंगानं भोगलेलं होतं. त्या मुलींना त्यांनी आधी जेवण दिलं, छप्पर दिलं. दुःखाचा धडा शब्दांत नाही, असा हातांत उतरला.

आणि दुःख तिथे संपलं असंही नाही. १९२१ साली मनोरमाही गेली. रमाबाईंनी साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करायचं हाती घेतलेलं काम तरीही पुरं केलं आणि एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. विश्वासानं दुःख टळतं असं त्यांचं आयुष्य सांगत नाही. दुःखातही माणूस उपयोगी राहू शकतो, एवढं मात्र ते नक्की सांगतं.

मग आपण रोजच्या जगण्यात काय करायचं? संकट माझं असेल, तर प्रार्थनेत जरूर विचारावं, "प्रभो, यातून मी काय शिकू?" उत्तर लगेच येईल असं नाही. रागही येईल. स्तोत्रकर्त्यांनाही यायचा, आणि त्यांनी तो देवापुढेच मांडला.

संकट शेजाऱ्याचं असेल, तर त्याचा अर्थ सांगायला जाऊ नये. डबा घेऊन जावं, दवाखान्यात रात्री बसावं, कोर्टाच्या तारखेला सोबत जावं. अन्याय झाला असेल तर त्याला अन्याय म्हणावं. कधीतरी तो स्वतःच म्हणेल, "मला यातून हे कळलं." तेव्हा आपण ऐकावं.

आणि आपल्याला सापडलेला धडा खरा आहे का, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. त्यानंतर आपण दुसऱ्याकडे जास्त मायेनं बघायला लागलो, तर तो धडा प्रभूकडून आला असं समजावं. आपण जास्त कठोर झालो, दुसऱ्याचे दोष मोजू लागलो, तर पुन्हा गुडघ्यावर जावं.

या आठवड्यात आपल्या ओळखीच्या एका दुःखी घरी जाऊ या. काही न शिकवता नुसतं बसून येऊ या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.