बैल करायचाय? आधी ठोकळा बघा!

आमच्या आजोबांनी इंदापूरकडच्या शेतावरची बैलजोडी विकली. त्या वर्षी पोळ्याला पूजेसाठी मातीचे बैल आणले, पण म्हाताऱ्याचं मन काही लागेना. म्हटलं, आपण लाकडाचा एक करून देऊ. फर्स्ट इयरला कार्पेंट्री शॉपमध्ये सागाचा हाफ लॅप जॉइंट कसाबसा बसवला होता, तेवढंच काय ते भांडवल!

कॅनॉलच्या कडेला तोडलेल्या बाभळीचा एक गोल तुकडा उचलून रूमवर आणला. महिनाभर रोज रात्री पटाशी चालवली, रूम पार्टनरच्या शिव्या खाल्ल्या. आणि एप्रिलमधल्या एका दुपारी मेसवरून येऊन बघतो तर बैल वशिंडापासून पोटापर्यंत उभा चिरलेला. सगळी चूक पहिल्याच दिवशी, ठोकळा उचलताना झाली होती.

बाभूळ वाईट नाही हो. आपल्या भागात बैलगाडीचं चाक, औत, कुऱ्हाडीचा दांडा सगळं तिचंच. पण जे लाकूड उसाच्या गाडीचा भार झेलतं, ते नवशिक्याच्या पटाशीला कसं जुमानणार? धार लगेच जाते, मग आपण जोर वाढवतो, पटाशी सटकते आणि अंगठ्याला पट्टी! कडुलिंब कापायला तसा बरा, पण त्याच्या रेषा मध्येच दिशा बदलतात. निलगिरी वाळताना पिळवटते. साग कोरता येतो, पण शिकण्यासाठी खराब करायला खिशाला परवडत नाही.

खेळणी करणाऱ्या गावांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. सावंतवाडीत पूर्वापार पांगारा वापरत, हलका आणि मऊ. कर्नाटकात चन्नपट्टणला काळा कुडा, आंध्रात कोंडापल्लीला पोनिकी. युरोपातले लोक शिकायला लिंडेन घेतात. आपल्याला वखारीत मिळण्यासारखी म्हणजे शिवण. वजन बाभळीच्या निम्म्याहून थोडं जास्त, रेषा बऱ्यापैकी सरळ, आणि वाळल्यावर फारशी हलत नाही.

एमआयडीसीत मशिनरीबरोबर येणाऱ्या पाइनच्या खोक्यांवर पुष्कळांचा डोळा असतो. त्यात एक थर मऊ, एक कडक, त्यामुळे कोरताना पटाशी उड्या मारते. तरी घ्यायचंच असेल तर शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे तापवलेलं, ते चालेल. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते तिथंच सोडा.

आता बैल का फुटला ते. लाकडातलं पाणी साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेलं की लाकूड आकसायला लागतं, आणि सगळीकडे सारखं आकसत नाही. वर्षवलयांच्या कडेकडेनं जेवढं आकसतं, त्याच्या जवळपास निम्मंच गाभ्याकडून सालीकडे. उभ्या लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणजे मधोमध गाभा असलेला गोल ओंडका वाळताना फुटणारच. त्यात बारामतीचा उन्हाळा आणि वर फुल स्पीडचा पंखा!

म्हणून ओलं लाकूड मिळालं तर आधी उभं चिरून गाभा काढून टाकायचा. दोन्ही टोकांना मेणबत्तीचं मेण किंवा फेव्हिकॉल फासायचं, कारण टोकांतून पाणी सगळ्यात लवकर पळतं. दोन्हीकडे अर्धा-एक इंच जादा ठेवा, तेवढं फुटलं तरी कापून टाकता येतं. खाली दोन पट्ट्या ठेवून सावलीत वाळवा, गच्चीवर नको. जुना हिशोब एक इंच जाडीला एक वर्ष. एवढं थांबायला डिग्री संपेल, म्हणून वखारीत चौकटीचे उरलेले वाळके तुकडे मागा. गाठ, किड्याची भोकं, टोकाला केसाएवढी चीर दिसली तर घेऊ नका. शिवाय ‘वाळकं आहे’ या शब्दावर जाऊ नका. किराणा दुकानात दर आठवड्याला वजन करा. तीन वेळा तेच भरलं की वाळलं समजा.

शेवटची गोष्ट आपल्या एसओएममधली. लाकूड रेषेच्या दिशेनं मजबूत, आडवं कमकुवत. बैल आडवा लांब म्हणून रेषाही आडव्या घेतल्या, तर चारही पाय आणि शिंगं कटकन मोडतात. रेषा उभ्या हव्यात. पोट जाड असतं, ते सांभाळून घेतं. म्हणजे ५ बाय अडीच इंचाची चौकट ४ इंचांवर कापली की ५ इंच लांब, ४ इंच उंच बैलाचा ठोकळा तयार. एक बाजू रंध्यानं साफ करून गुण्या लावा आणि बाजूचं चित्र कार्बननं उतरवा. हातात धरून कोरू नका, व्हाइसमध्ये बांधा. पटाशी रुतून ढलपी उपटायला लागली तर उलट बाजूनं या.

माझा शिवणीचा तुकडा, दोन्हीकडचा जादा अर्धा इंच धरून, सध्या कपाटावर आहे. गेले तीन रविवार वजन ४९० ग्रॅम भरलंय. या रविवारी टोकं कापणार. पोळ्याला अजून वेळ आहे.