न दिसलेल्या पक्ष्यांची मोजदाद

जगात चिमण्या किती असाव्यात? १६० कोटी. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली हा अंदाज मांडला. त्याच शोधनिबंधात सुमारे ९,७०० जातींच्या पक्ष्यांची एकूण बेरीजही आहे : ५० अब्ज, म्हणजे पाच हजार कोटी. माणसांमध्ये वाटायला काढले तर दरडोई सहा पक्षी. शंभर कोटींच्या वर मजल गेलेल्या जाती मात्र चारच निघाल्या. पहिली चिमणी, मग युरोपातली स्टार्लिंग, उत्तर अमेरिकेतला रिंग-बिल्ड नावाचा कुरव आणि हिवाळ्यात आपल्याकडे तारांवर ओळीनं बसणारी भिंगरी. दुसऱ्या टोकाला १,१८० जाती अशा, की प्रत्येकीचे जगभरात मिळून पाच हजारही पक्षी नसावेत.

या चिमण्या मोजल्या कोणी? एका परीनं कोणीच नाही, आणि दुसऱ्या परीनं लाखो लोकांनी. संशोधकांनी काही शेकडा जातींची शास्त्रशुद्ध मोजणी आधाराला घेतली आणि बाकीचा हिशेब ई-बर्डवरच्या नोंदींवरून मांडला. ई-बर्ड ही अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी-प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये सुरू केलेली व्यवस्था. तेव्हा लोक घरी येऊन संगणकावर यादी भरत. आता खिशातल्या फोनवर जागच्या जागी भरतात. २०२१ मध्येच तिथल्या नोंदींनी १०० कोटींचा टप्पा ओलांडला. या १०० कोटी नोंदी सेकंदाला एक या वेगानं, झोप-जेवण सोडून, नुसत्या वाचायच्या म्हटल्या तरी ३१ वर्षं आणि वर काही महिने लागतील.

या सगळ्याची सुरुवात फार लहान होती. अमेरिकेत पूर्वी नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन बाहेर पडायचं आणि कोण जास्त पक्षी मारतो याची चढाओढ लावायची, अशी रीत होती. १९०० साली फ्रँक चॅपमन या पक्षीतज्ज्ञानं सुचवलं की या वर्षी मारू नका, मोजा. २७ माणसं तयार झाली. २५ ठिकाणी मिळून त्यांनी सुमारे १८,५०० पक्षी मोजले. ती मोजणी आजही दर वर्षी होते.

पक्ष्यांच्या पलीकडे गेलं की आय-नॅचरलिस्ट भेटतं. २००८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून ते तयार केलं. पहिल्या दहा लाख नोंदी व्हायला २०१४ उजाडलं. आज हा आकडा २० कोटींच्या पलीकडे आहे. इथं यादी नसते, एकेका जिवाचा फोटो किंवा आवाज असतो. बाथरूमच्या भिंतीवर पतंग बसला आहे, फोटो काढला, टाकला. ॲप स्वतःचा अंदाज सांगतं, मग जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातला पतंगवेडा माणूस येऊन नाव पक्कं करतो किंवा खोडून काढतो. ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांचं जातीवर एकमत झालं, तरच ती नोंद संशोधनायोग्य ठरते. बाथरूमचं उदाहरण मी उगाच घेतलेलं नाही. कोलंबियन वीझल हा मुंगसाहून लहान, फार दुर्मीळ प्राणी. त्याचे जिवंतपणीचे पहिले फोटो कोलंबियातल्या डोंगरातल्या एका घराच्या बाथरूममध्ये निघाले. प्राणी चुकून आत शिरला होता. ते फोटो आय-नॅचरलिस्टवर पोचले तेव्हा कुठे तो कोण हे कळलं.

‘सिटी नेचर चॅलेंज’ नावाचा वार्षिक उपक्रम २०१६ मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांच्या खुन्नसीतून सुरू झाला. २०२४ मध्ये त्यात सातशेच्या आसपास शहरं उतरली. चार दिवसांत ८० हजारांहून जास्त लोकांनी मिळून सुमारे २४ लाख नोंदी केल्या. सेकंदाला सात पडतात.

आकडे ऐकून डोळे फिरतात हे खरं, पण इथंच जरा थांबायला हवं. पहिल्या चार जातींची नावं पुन्हा पाहा. चारही युरोप-अमेरिकेतल्या अंगणांत, शेतांत आणि किनाऱ्यांवर सहज दिसणाऱ्या. नोंदी करणारेही सगळ्यात जास्त तिथलेच. त्या क्रमवारीत पक्ष्यांइतकाच निरीक्षकांचाही हात असावा, असं मला वाटतं. चुकीला किती मोठा वाव आहे हे संशोधकांनी स्वतः निबंधातच मांडलं आहे. नोंदी रस्त्याकडेला जास्त, रविवारी जास्त, शहरालगतच्या तलावावर जास्त. थव्याथव्यानं लोक जातात ते रोहित बघायला. टिटवीसाठी कोणी गाडी काढत नाही. जगभरच्या जीवसृष्टीच्या नोंदी कोपनहेगनहून एकत्र ठेवणाऱ्या जीबीआयएफच्या भांडारात निम्म्याहून जास्त नोंदी एकट्या पक्ष्यांच्या आहेत. जाती मोजल्या तर कीटकांपुढे पक्षी चिमूटभरही नाहीत.

मग या ढिगाऱ्यातून विज्ञान निघतं कसं? माझ्या मते त्याचं श्रेय १०० कोटींना कमी आणि ॲपमधल्या एका प्रश्नाला जास्त आहे.

समजा तुम्ही पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला गेला आहात. ॲप उघडून यादी सुरू केलीत. ते वेळ धरतं, चाललेलं अंतर धरतं. साळुंक्या चार. लालबुड्या बुलबुल तीन. कोतवाल एक. घार, मोर (नुसता आवाज), राखी वटवट्या, सातभाईंचा कलकलाट, नक्की सात आहेत का नऊ हे कळत नाही म्हणून आठ. कावळे. वीस-पंचवीस मिनिटांनी यादी संपवताना ॲप विचारतं, जे जे दिसलं किंवा ऐकू आलं आणि ओळखता आलं, ते सगळं लिहिलंत ना? ‘हो’ म्हटलं की यादी पूर्ण धरली जाते. ‘नाही’ म्हटलं तरी ती साठवली जाते, पण तिची किंमत उतरते. कारण पूर्ण यादी हा हजेरीपट आहे. जे नाव त्यात नाही, त्याची गैरहजेरी लागली.

या गैरहजेरीचा हिशेब मांडून बघू. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या २०२३ च्या अहवालात भारतातल्या सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदी वापरल्या आणि ९४२ जातींची स्थिती तपासली. म्हणजे माणशी सरासरी हजार नोंदी. सरासरीच ती, ‘आज लिस्ट टाकली का?’ असं रोज एकमेकांना विचारणाऱ्या मोजक्या मंडळींनी त्यातला मोठा वाटा उचललेला असतो. आता ढोबळपणे एका यादीत २० जाती धरा. ३ कोटी नोंदी म्हणजे १५ लाख याद्या. प्रत्येक यादीत ९४२ जातींच्या ‘आहे’ किंवा ‘नाही’च्या जागा धरल्या तर १४१ कोटी जागा होतात. त्यातल्या ३ कोटींत ‘आहे’. उरलेल्या १३८ कोटींत ‘नाही’. अर्थात हिमालयातला पक्षी वेताळ टेकडीवर दिसला नाही यात नवल नाही, असे ‘नाही’ अभ्यासात धरत नाहीत. तरी जे उरतं ते अफाट असतं.

याच ‘नाहीं’वर अहवालाचं गणित उभं आहे. एखादी जात शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत येते, हे प्रमाण काढायचं. ते पूर्वी किती होतं आणि आता किती आहे ते ताडून बघायचं. ‘पूर्वी’ म्हणजे २००० सालाच्या आधी. तेव्हा ॲप नव्हतं, पण लोकांच्या वह्या होत्या. त्या वह्यांतल्या जुन्या याद्या बसून, तारखा-ठिकाणं लावून ई-बर्डवर चढवल्या गेल्या. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त कौतुक वाटतं ते या कामाचं. त्यात ना नवी जात दिसते, ना यादीत लायफरची, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेल्या पक्ष्याची, भर पडते. दीर्घकालीन कल सांगता आला अशा ३३८ जाती होत्या. त्यांतल्या २०४ घटल्या होत्या, ९८ स्थिर होत्या, वाढल्या होत्या फक्त ३६. नीलपंखाची, म्हणजे आपल्या चासाची, जागतिक स्थिती पुन्हा तपासावी अशी शिफारस अहवालानं केली आहे. तारेवर बसलेला चास हा आपल्याकडे इतका नेहमीचा, की तो कमी होतोय हे एकट्यादुकट्याच्या लक्षातही आलं नसतं. मोर मात्र भरभरून वाढले आहेत.

आणि चिमणी? याच मालिकेतल्या आधीच्या, २०२० च्या अहवालानं सांगितलं की देशभराचा विचार केला तर पंचवीसेक वर्षांत चिमणी साधारण स्थिर आहे. महानगरांत कमी झाली आहे. मोबाइलच्या टॉवरमुळे चिमण्या संपल्या ही आपली लाडकी समजूत, तिला पुरावा नाही असंही त्यात आहे. इतकी वर्षं ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्या मोबाइलवरच्या याद्यांनीच हे दाखवून दिलं.

चुकीच्या नोंदी येत नाहीत का? ढिगानं येतात. जानेवारीत पुण्याच्या यादीत चातक टाकून बघा, ॲप लगेच खुलासा मागतं, कारण चातक आपल्याकडे पावसाच्या तोंडावर येतो. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या महिन्यात, कोणती जात किती संख्येपर्यंत पटण्याजोगी, याच्या मर्यादा घालून ठेवलेल्या असतात. त्यापलीकडची नोंद स्थानिक तपासनिसाकडे जाते. हे तपासनीस बिनपगारी काम करतात आणि फोटो आहे का, काय ऐकलंत, असं नम्रपणे विचारतात. त्यावर लोक रागावतात. मर्लिन ॲपनं आवाज ओळखून नाव दाखवलं, एवढ्यावर न बघितलेला पक्षी यादीत घालणाऱ्यांना तर असं विचारलंच पाहिजे.

काही गोष्टी लपवाव्याही लागतात. खवले मांजराची नोंद आय-नॅचरलिस्टवर टाकली तर नेमकी जागा लोकांना दिसत नाही, अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंशांच्या चौकोनात कुठं तरी, एवढंच दिसतं. आपल्याकडे तो चौकोन साडेचारशे चौरस किलोमीटरांहून मोठा भरतो. शिकारी ॲप वाचतात.

आता महाराष्ट्रापुरतं बोलू. ई-बर्डचे आजचे नकाशे साधारण तीन किलोमीटरच्या चौकटींत आणि वर्षाच्या ५२ आठवड्यांसाठी काढले जातात. आपल्या राज्याचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर. त्यात अशा ३४ हजार चौकटी बसतात. प्रत्येक चौकटीतून आठवड्याला एक पूर्ण यादी हवी म्हटलं, तर वर्षाला पावणेअठरा लाख याद्या लागतील. हे स्वप्न झालं. नकाशातली भोकं संगणक अंदाजानं बुजवतो. पण केरळनं स्वप्न न बघता काम केलं. २०१५ ते २०२० या काळात हजारावर स्वयंसेवकांनी राज्याचे सुमारे ४,००० तुकडे पाडून, ठरलेल्या जागी, ठरलेल्या दोन हंगामांत जाऊन २५,००० याद्या केल्या. ३६१ जातींच्या तीन लाखांवर नोंदी झाल्या आणि ‘केरळ बर्ड ॲटलस’ तयार झाला, आशियातला अशा प्रकारचा सर्वांत मोठा. महाराष्ट्र केरळच्या जवळपास आठपट. तेवढंच दाट काम इथं करायचं तर दोन लाख याद्या हव्यात. रविवारी पुण्या-मुंबईच्या नेहमीच्या हॉटस्पॉटवर आणि भिगवणला होणाऱ्या गर्दीतली दहा टक्के माणसं जरी बीड, हिंगोली, वाशीमकडं वळली, तरी मोठी मजल मारता येईल.

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. राज्य सरकारनं २०२० मध्ये या दोन तारखांमधला आठवडा पक्षी सप्ताह म्हणून जाहीर केला. फेब्रुवारीत चार दिवस जगभरची अंगणातल्या पक्ष्यांची गणना असते. भारत तिच्यात २०१३ पासून आहे. तोवर थांबायचंही कारण नाही. गावाकडं जाल तेव्हा घरामागच्या शेताच्या बांधावर पंधरा मिनिटं उभे राहा, दिसेल तो प्रत्येक पक्षी मोजा, ओळखता आला नाही तो सोडून द्या, आणि शेवटच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. कावळा लिहायला मात्र विसरू नका.