कवचफळे आणि उतारवय

बदाम खाल्ल्याने बुद्धी वाढते, हा समज आपल्या देशात सर्वत्र आढळतो. अक्रोडाचा गर मेंदूसारखा वळ्यावळ्यांचा दिसतो, म्हणून तो मेंदूला पोषक असावा, असेही मानले जाते. परंतु पदार्थाचे गुण त्याच्या आकारावरून ठरत नाहीत. ते प्रयोगानेच ठरवावे लागतात. उतारवयातील व्यक्तींवर असे प्रयोग झाले आहेत. त्यांचे निष्कर्ष हृदय आणि मेंदू यांच्याबाबतीत मात्र सारखे नाहीत.

प्रथम हृदयाचा विचार करू. कवचफळांच्या गराचा साधारणतः निम्मा भाग मेदाचा असतो. पण हा मेद बहुतांशी असंपृक्त असतो. लोणी-तुपातील संपृक्त मेदाच्या जागी तो आहारात आला, तर रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल कमी होते. स्पेनमध्ये हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या, ५५ ते ८० वर्षे वयाच्या ७,४४७ स्त्रीपुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यांतील एका गटाला भूमध्यसागरी पद्धतीच्या आहारासोबत रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम व हेझलनट देण्यात आले. या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यांमुळे येणारे मृत्यू यांचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा चतुर्थांशाहून अधिक घटले. गटवारीतील दोषांमुळे २०१३ सालचा हा निबंध मागे घेऊन २०१८ साली सुधारून प्रसिद्ध करावा लागला. मुख्य निष्कर्ष मात्र कायम राहिला.

मेंदूविषयी इतके ठामपणे बोलता येत नाही. बार्सिलोना आणि कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे ६३ ते ७९ वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींनी दोन वर्षे रोज ३० ते ६० ग्रॅम अक्रोड खाल्ले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अक्रोड न खाणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या स्मरणशक्तीत वा आकलनात एकंदरीत फरक पडला नाही. तरीही मेंदू रक्तवाहिन्यांवरच जगतो. ज्यायोगे पक्षाघात टळतो, त्यायोगे मेंदूचेही रक्षण होते, हे विसरता कामा नये.

महागडे बदाम-अक्रोड न परवडणाऱ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या भुईमूग हे कडधान्य असले, तरी शेंगदाण्यातील मेद बदामाप्रमाणेच मुख्यतः असंपृक्त असतो. दात पडलेल्या वृद्धांना दाण्याचे बारीक कूट सहज खाता येते. मात्र दाणे खारवलेले किंवा तळलेले नसावेत. बुरशी लागलेले वा कडवट दाणे टाकूनच द्यावेत, कारण त्यांत अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक असे विष असू शकते. ज्यांना अशा पदार्थांचे वावडे आहे किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

शेवटी प्रमाणाचा प्रश्न. दिवसाला एक मूठ पुरेशी आहे. ती नेहमीच्या आहारात भर म्हणून नव्हे, तर फरसाण-बिस्किटांच्या ऐवजी खावी. यातच तिचा खरा लाभ आहे.