जामीनदार नसलेला खेळ

दोन वर्षांपूर्वीची, जून महिन्यातली गोष्ट. आमच्या शेजारच्या इमारतीत राहणारे, बेस्टमधून वाहक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ संध्याकाळी घरी आले. बाहेर पाऊस होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद जपून आणले होते. म्हणाले, "साहेब, तुम्ही बँकेत होता. एवढे जरा वाचून सांगा. पोराने सही करायची का?"

त्यांचा मुलगा फुटबॉल खेळतो, हे मला ठाऊक होते. राष्ट्रीय लीगच्या खालच्या श्रेणीत नव्यानेच दाखल झालेल्या, दुसऱ्या राज्यातल्या एका क्लबने त्याला बोलावले होते. दहा महिन्यांचा करार, राहणे-जेवणे क्लबकडे. त्यासाठी कुरियर कंपनीतली नोकरी सोडावी लागणार होती. मी चष्मा लावून कलमे वाचली. पगाराची तारीख होती, दुखापतीचे कलम होते, शिक्के-सह्या जागच्या जागी होत्या. "कागदात खोट नाही," मी म्हणालो, "खेळू द्या त्याला."

फेब्रुवारीत पगार थांबला. एप्रिलमध्ये क्लबच्या कचेरीतला फोन कुणी उचलेनासे झाले. मुलगा परत आला तेव्हा दोन महिन्यांचा पगार येणे होता आणि कुरियर कंपनीतली जागा भरली गेली होती. गृहस्थ मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण तीस वर्षे मी कर्जाचे अर्ज तपासले आणि प्रत्येक अर्जदाराला जो प्रश्न विचारला, तोच त्या संध्याकाळी विचारायला विसरलो, ही रुखरुख राहिली. तो प्रश्न म्हणजे, जामीनदार कोण?

त्यानंतर मी या खेळाच्या खतावण्या चाळायचे ठरवले. जे दिसले ते वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या उमेदीच्या काळी मुंबईचा फुटबॉल कचेऱ्यांच्या आणि गिरण्यांच्या जिवावर चाले. मफतलाल, ओर्के यांसारख्या गिरण्यांचे संघ होते, एअर इंडियाचा होता, महिंद्रचा होता, बँकांचे होते. कूपरेजवर संध्याकाळी सामना असला की आमच्या शाखेतला रोख विभागातला एक कारकून तीन वाजताच टेबल आवरी. मॅनेजर कुरकुरत, पण अडवत नसत. पुढे त्याचा गुडघा गेला. खेळ संपला, नोकरी राहिली. बढत्या घेत, कर्जाचे हप्ते फेडत, मुलीचे लग्न करून तो रीतसर निवृत्त झाला. त्या व्यवस्थेने मोठे खेळाडू किती घडवले, याबद्दल वाद घालता येईल. पण गुडघा गेलेल्या माणसाला तिने रस्त्यावर आणले नाही. त्याचा जामीनदार त्याची कचेरी होती.

मग काळ बदलला. १९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. फगवाड्याच्या जेसीटी गिरणीचा संघ पहिला विजेता ठरला. २००७ मध्ये तिची 'आय-लीग' झाली आणि पहिले विजेतेपद गोव्याच्या धेंपो क्लबने पटकावले. खेळाडू आता कारकून राहिला नाही. तो व्यावसायिक झाला. हे व्हायलाच हवे होते. फक्त कचेरी गेली, तिच्या जागी कोण आले, हे विचारायचे राहून गेले.

महिंद्र युनायटेड २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. चाळीस वर्षांचा जेसीटी पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये मिटला. पुण्याची कथा तर एखाद्या चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी आहे. २००७ मध्ये पुणे एफसी आला, २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता झाला, २०१५ मध्ये गेला. भारत एफसी नावाचा दुसरा संघ एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्सला २०१५ मध्ये आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला; दोन हंगामांत तोही बाहेर पडला. आयएसएल या नव्या, झगमगत्या स्पर्धेतला एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आला आणि २०१९ मध्ये आटोपला. बालेवाडीचे मैदान तेच. बिऱ्हाडे चार, आणि चारही गेली.

गंमत अशी, की याच काळात लीग वाढतच होती. २०१५-१६ मध्ये आय-लीगमध्ये नऊ संघ होते, २०२३-२४ मध्ये तेरा झाले. तिच्याखाली आय-लीग २ होती आणि २०२३ मध्ये आय-लीग ३ सुद्धा आली. विस्तार होतो आहे असे म्हणावे, तर मागच्या दाराने तितकीच माणसे बाहेर पडताहेत. हा विरोधाभास वाटतो, पण आम्हा बँकवाल्यांना तो ओळखीचा आहे. जुनी खाती बुडत असताना नवी खाती उघडण्याचा सपाटा लावला, की वर्षअखेरीचा आकडा छानच दिसतो!

क्लब बुडतो का, हे समजायला मोठे अर्थशास्त्र लागत नाही. क्लबला पैसा येण्याच्या वाटा मोजून चार: तिकिटे, प्रक्षेपणाचा वाटा, प्रायोजक आणि खेळाडू दुसऱ्या क्लबला देऊन मिळणारी रक्कम. खालच्या श्रेणीत या चारही वाटांवर धूळ आहे. उलट खर्चात सवलत नाही. कोझिकोडहून श्रीनगरला संघ न्यायचा तर विमानाचे भाडे श्रेणी पाहून कमी होत नाही. मधली दरी मालक खिशातून भरतो. म्हणजे क्लब सामने हरला म्हणून बंद पडत नाही. संचालकांच्या एखाद्या बैठकीत कुणाचा तरी उत्साह मावळला, म्हणून बंद पडतो.

त्यात वरचा दरवाजा बराच काळ बंद होता. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली आणि २०१६ च्या मे महिन्यात भारतीय फुटबॉल महासंघाने आराखडा मांडला, की तीच अव्वल श्रेणी करावी, आय-लीग दुसऱ्या पायरीवर जावी आणि काही वर्षे खालून वर बढती नसावी. गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी लीग सोडली. धेंपोने तर त्याच वर्षी द्वितीय श्रेणी जिंकून वर येण्याचा हक्क मैदानावर कमावला होता. तो त्यांनी सोडून दिला. कितीही चांगले काम केले तरी बढती नाही, असे परिपत्रक काढल्यावर कोणत्या कचेरीत मन लावून काम होईल? वरची वाट उघडली ती २०२२-२३ च्या हंगामापासून, आणि पहिली बढती पंजाबच्या संघाला मिळाली. धेंपोही पुन्हा खालून चढत २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला.

या पडझडीतूनच एक नवल घडले, ते सांगायलाच हवे. २०१५-१६ च्या हंगामात मिझोरमचा ऐझॉल एफसी आठवा आला. नववा, म्हणजे शेवटचा, होता शिवाजीयन्स. पण थेट प्रवेशवाल्यांना पदावनतीतून सूट होती. त्यामुळे खेळून वर आलेला ऐझॉल खाली ढकलला गेला. पुढे गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यावर जागा रिकामी झाली आणि त्याला परत बोलावण्यात आले. मुंबई एफसीला सात वर्षे शिकवून मोकळे झालेले खालिद जमील त्याचे प्रशिक्षक झाले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला बरोबरी साधून ऐझॉलने मोहन बागानला एका गुणाने मागे टाकले आणि विजेतेपद मिळवले. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला आणि मग बंदच पडला. जमील यांच्याकडे २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षकपद आले.

मिझोरमची सारी वस्ती २०११ च्या जनगणनेत सुमारे अकरा लाख. आपल्या एखाद्या उपनगराएवढी. तिथे हे कसे जमले? तिथे आधी गावची लीग होती. २०१२ पासून मिझोरम प्रीमियर लीग भरते, स्थानिक केबलवर लोक ती घरोघर पाहतात. क्लब तिथे वरून आणून ठेवलेला नव्हता. खालून उगवला होता.

उलट उदाहरणही आहे. चेन्नई सिटी हा क्लब २०१६ मध्ये थेट प्रवेशाने आला, मार्च २०१९ मध्ये विजेता झाला आणि २०२१-२२ च्या हंगामात लीगमध्ये नव्हता. विजेतेपदसुद्धा क्लबला तारण म्हणून पुरत नाही, हे त्याने दाखवले. आणि २०२४-२५ चा विजेता ठरायला तर जुलै उजाडला. खेळाडूंची पात्रता आणि नोंदणी यांवरून झालेले वाद स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादापर्यंत गेले. आधी चर्चिल ब्रदर्सला विजेते म्हटले होते. लवादाने तो मान दोनच हंगामांच्या इंटर काशीला दिला.

हे दुखणे फक्त आपलेच आहे असे नाही. इंग्लंडमधले बरी हे कापड गिरण्यांचे जुने गाव. तिथला क्लब १८९४ पासून इंग्लिश लीगमध्ये होता, एफ. ए. कप दोनदा जिंकलेला. मालकाला पैसा उभा करता आला नाही आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगने त्याला काढून टाकले. फरक पुढे आहे. गावातल्या प्रेक्षकांनी संघटना केल्या, आपापसात भांडले, मतदान करून एकत्र आले आणि २०२३ मध्ये बरीचा संघ आपल्या जुन्या मैदानावर, कितीतरी खालच्या पायरीवर, पुन्हा खेळू लागला. मालक गेला, गाव जामीन राहिले.

आपल्याकडे काय करता येईल? क्लबांना परवाना देताना आर्थिक निकष आज तपासले जातातच. पण ताळेबंद मागच्या वर्षाचा असतो आणि पगार पुढच्या वर्षाचे द्यायचे असतात. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वी खेळाडूंच्या साऱ्या पगाराएवढी रक्कम बँकेत वेगळी ठेवावी, तिला क्लबने हात लावू नये. ज्याला एवढे झेपत नाही, त्याला खुशाल खालच्या श्रेणीत थांबू द्यावे. तेरांऐवजी आठच संघ उरले तरी चालेल. आणि नवा संघ लिलावाने आणण्याआधी त्या गावात लीग आहे का, ती पाहायला माणसे येतात का, हे कुणीतरी जाऊन पाहावे. आम्ही कर्ज देण्याआधी दुकान पाहायला जात असू, तसे.

शेजारचा मुलगा आता तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर लहान मुलांना शिकवतो, मुंबईच्या लीगमध्ये खेळतो. थकलेला पगार अजून मिळालेला नाही. गेल्या महिन्यात त्याचे वडील पुन्हा आले. तीच प्लॅस्टिकची पिशवी, नवा क्लब, नवा करार. "साहेब, तो ऐकत नाही. खेळायचेच म्हणतो."

या वेळी मी कलमे वाचली नाहीत. मुलालाच बोलावून घेतले आणि म्हणालो, "क्लबला एकच विचार. दहा महिन्यांचा पगार कुठल्या बँकेत ठेवला आहे, त्याची पावती दाखवा म्हणावे." तो हसला. "काका, असे विचारले तर ते दुसऱ्या कुणाला तरी घेतील."

त्याचे म्हणणे खरे होते. हा प्रश्न एकट्या पोराने विचारायचा नसतोच. तो लीगने विचारायचा असतो. मी त्याला चहा दिला. कागद अजून माझ्या टेबलावर आहेत.