ग्लो प्लग ठिणगी पाडत नाही

जुन्या डिझेल जीपमधला ग्लो प्लग (सिलिंडरच्या तोंडाशी बसवलेली विजेवर तापणारी कांडी) पेट्रोल इंजिनातल्या स्पार्क प्लगसारखा ठिणगी पाडतो, असा समज सर्रास आढळतो. दोघांचे काम मात्र वेगळे आहे.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. पिस्टन हवा सुमारे वीसपट दाबतो, त्या दाबाने ती तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. सायकलला जोरात हवा भरताना पंपाची नळी गरम होते, तसेच हे घडते. कडाक्याच्या थंडीत सिलिंडरचे गार लोखंड ही उष्णता शोषून घेते आणि हवा पुरेशी तापत नाही. ती उणीव ग्लो प्लग भरून काढतो.

म्हणून किल्ली फिरवल्याबरोबर स्टार्टर मारू नये. डॅशबोर्डवरचा पिळाच्या आकाराचा दिवा विझेपर्यंत थांबावे; जुन्या गाड्यांत याला दहा-वीस सेकंद लागू शकतात. ईथरचा फवारा टाळावा, कारण तापलेल्या प्लगमुळे तो अवेळी भडकून इंजिनाची मोडतोड होऊ शकते.

गाडी तरीही सुरू झाली नाही, तर दोष नेहमी प्लगचाच नसतो. थंडीत बॅटरीची ताकद घटते, ऑइल दाटते आणि डिझेलमधले मेण गोठून फिल्टर तुंबतो. यासाठीच इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत न गोठणारे हिवाळी डिझेल आणले.