सावंतवाडीची गंजिफा-पेटी आणि जपानी ‘गोके’ : क्रीडासाहित्याच्या लाकडी पात्रांचा विचार

पारंपरिक खेळांच्या अभ्यासात पट, सोंगट्या, फासे यांस जे महत्त्व दिले जाते, ते हे साहित्य ठेवण्याच्या पात्रास सहसा लाभत नाही. वस्तुतः पात्राची घडण खेळाच्या नियमांशी निगडित असते.

जपानमधील ‘गो’ हा दोघांनी खेळावयाचा पटाचा खेळ होय. १९ उभ्या व १९ आडव्या रेषांच्या ३६१ छेदबिंदूंवर १८१ काळे व १८० पांढरे खडे मांडण्याची सोय असते. हे खडे ठेवण्याच्या फुगीर, झाकणदार, कातीव लाकडी भांड्यास ‘गोके’ म्हणतात. तुती, केयाकी, चेरी ही लाकडे त्यासाठी वापरतात. मिकुरा बेटावरील तुतीचे लाकूड विशेष मोलाचे मानले जाते. प्रत्येक खेळाडू आपल्या रंगाचे खडे आपल्याच भांड्यातून उचलतो, म्हणून भांडी जोडीने असतात. झाकण उलटे ठेवून त्यात प्रतिस्पर्ध्याचे जिंकलेले खडे साठवितात आणि जपानी पद्धतीनुसार डाव संपल्यावर ते त्याच्याच क्षेत्रात भरून गुण मोजतात. अर्थात झाकण येथे हिशेबाचे साधन ठरते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीच्या गंजिफा-पेटीचे प्रयोजन निराळे आहे. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग व प्रत्येक रंगाची १२ पाने, अशी १२० पाने असतात. ती वर्तुळाकार व हाताने रंगविलेली असल्यामुळे सुटी राहिल्यास घरंगळतात, त्यांच्या कडा दुखावतात. त्यातील एक जरी पान हरवले तरी संच खेळास निरुपयोगी होतो. म्हणून सर्व पानांसाठी सरकत्या झाकणाची एकच आयताकृती लाकडी पेटी असते. पानांवरील देवाकृती व वेलबुट्टी पेटीच्या बाजूंवरही उतरते. (सारीपाटाच्या १६ सोंगट्यांना अशी पेटी लागतेच असे नाही, कापडी पटाच्या गुंडाळीतही त्या सामावतात.)

विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला लोपण्याच्या मार्गावर असता सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी तिचे पुनरुज्जीवन केले. चित्रकारी टिकली, खेळ मात्र त्या प्रमाणात परतला नाही. परिणामी संच प्रामुख्याने शोभेसाठी घेतले जातात. पाने चौकटीत बसवून भिंतीवर लावली की पेटी रिकामी उरते आणि दोहोंचा संबंध तुटतो. जुन्या संचांच्या बाबतीत ही हानी भरून न येणारी आहे. नव्या पानांची चित्रे पुन्हा काढता येतील. परंतु झाकणाच्या खाचेतील झीज, वारंवार बोट लागून पुसट झालेला रंग, आतील तळावर गोल कडांनी उमटलेले ओरखडे हे तो संच खरोखर खेळला गेल्याचे पुरावे होत. पेटीस ‘इतर साहित्य’ या सदरात टाकणारी नोंद हे पुरावे गमावते. पाने व पेटी एकाच क्रमांकाखाली नोंदविणे, तसेच झाकण काढलेल्या स्थितीतील छायाचित्र घेणे, यास फारसा खर्चही येत नाही.