रामेनचा वाडगा : दोन मिनिटे की दोन दिवस?

बंगळूरच्या शांतीनगर परिसरात ‘नारू नूडल बार’ हे छोटेखानी उपाहारगृह २०२२ मध्ये सुरू झाले, तेव्हा तेथील मोजक्या आसनांची नोंदणी खुली होताच काही मिनिटांत सर्व जागा भरून जात. शेफ कवन कुट्टप्पा यांनी टाळेबंदीच्या काळात रामेनचे साहित्य घरपोच देण्यापासून आरंभ केला होता. इडली-डोशाच्या या नगरीत एका जपानी वाडग्यासाठी एवढी घाई का व्हावी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. ‘रामेन’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर झटपट शिजणारे पाकीटच येते. ती मोमोफुकू आन्दो यांची १९५८ ची देणगी. खऱ्या रामेनच्या सिद्धतेस मात्र दोन-दोन दिवस लागू शकतात.

बंगळूरला जपानी पदार्थ अगदीच परके नाहीत. १९९७ मध्ये टोयोटा आणि किर्लोस्कर यांची संयुक्त कंपनी स्थापन होऊन बिडदी येथे मोटारींचा कारखाना उभा राहिला. किर्लोस्कर हे नाव मराठी वाचकांस नवे नाही. परंतु त्या उद्योगाबरोबर शहरात जपानी कुटुंबेही आली व त्यांच्यापाठोपाठ त्यांची रुचीही आली.

उत्तम रामेनचा प्राण म्हणजे रस्सा. ‘तोन्कोत्सु’ प्रकारात डुकराची हाडे दहा-बारा तास वा त्याहूनही अधिक काळ खळखळ उकळतात. हाडांतील सरस आणि चरबी पाण्याशी एकजीव होऊन रस्सा दुधासारखा होतो. कोल्हापूरचा पांढरा रस्सा नारळाच्या दुधाने पांढरा होतो, हा केवळ हाडे आणि आच यांच्या बळावर. कुरुमे गावातील काही दुकानांत तर जुन्या रश्श्यात रोज नवा मिसळतात. बँकेच्या भाषेत, मागील शिल्लक पुढे ओढतात!

तथापि हा रस्सा बहुधा अळणीच असतो. मीठ, सोया सॉस किंवा मिसो यांपासून केलेले ‘तारे’ नावाचे दाट मिश्रण रिकाम्या वाडग्याच्या तळाशी आधी घालतात आणि त्यावर रस्सा ओततात. वाडग्याची चव ठरते ती येथे.

शाकाहारी मंडळींनी निराश होण्याचे कारण नाही. कोंबू या समुद्रवनस्पतीतील ज्या चवीस किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ‘उमामी’ असे नाव दिले, ती वाळवलेल्या शिताके अळंब्यांच्या जोडीने कित्येक पटींनी वाढते. या दोहोंच्या अर्कातून मांसाविनाही भरदार रस्सा सिद्ध होतो. येथे मात्र बंगळूरचे पाणी आडवे येते. जपानचे पाणी बहुतांशी मृदू, तर येथील कूपनलिकांचे जड. जड पाण्यात कोंबूचा अर्क नीट उतरत नाही. त्यामुळे सुमारे शंभर किलोमीटरवरून येणारे कावेरीचे किंवा गाळून मृदू केलेले पाणीच घेणे इष्ट. शिवाय हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून शेवयांना किंचित अधिक वेळ द्यावा लागतो.

या शेवयांचे रहस्य ‘कान्सुई’त आहे. हा आपल्या पापडखाराचाच भाऊबंद. त्याने गव्हाच्या पिठास पिवळसर छटा आणि दाताखाली जाणवणारा चिवटपणा येतो. घरी प्रयोग करणाऱ्यांनी खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये मंद आचेवर तासभर भाजावा. त्यातील पाणी व कर्बवायू निघून गेल्यावर धुण्याच्या सोड्यासारखा तीव्र खार उरतो. तो हाताळताना हातमोजे घालावेत आणि कणकेत अगदी बेतानेच घालावा, अन्यथा साबणाची चव येते.

वर मांसाचे काप, कांद्याची पात, सोया सॉसमध्ये मुरवलेले अर्धकच्चे अंडे हा साज असतो. छायाचित्रांत तोच मिरवतो. पण छायाचित्रे काढीत बसले तर गरम रश्श्यातील शेवया पाहता पाहता फुगून मऊ पडतात. जपानी माणूस वाडगा समोर येताच आवाज करीत भुरके मारू लागतो. त्यात तेथे कोणी असभ्यपणा मानत नाही. आमटीचा भुरका मारणाऱ्या मराठी मंडळींस ही रीत निराळी शिकवावी लागणार नाही.